लीला कुठे लपली

आत्याने ज्येष्ठ निवासात राहायला जायचं ठरवलं, तेव्हा घरातल्या सगळ्यांचे चेहरे पडले होते. अपवाद फक्त आत्याचा. "तिथे गरम पाण्याचा तलाव आहे," तिने भावाला ठणकावून सांगितलं, "तुझ्या घरात आहे का?" हा भाऊ म्हणजे भिंगरीचे वडील. त्यांच्या घरात एक गिझर होता आणि तोही लहरी.

जन्मभर शाळेत खेळाची बाई म्हणून पोरांना पळवलेली आत्या तिथे गेली, आणि वर्ष पुरं व्हायच्या आत तिने निवासातली निम्मी मंडळी पाण्यात उतरवली. कुणाचे गुडघे धरलेले, कुणाची कंबर, कुणाचा खांदा जागचा हलत नाही. सगळे सकाळी छातीभर गरम पाण्यात उभे राहून हातपाय हलवायचे आणि त्याहून जास्त तोंडं हलवायचे. स्वतःला ते बदकमंडळ म्हणवून घेत.

त्यामुळे एका सकाळी फोनवर आत्याचा आवाज बसलेला ऐकून भिंगरी हातातलं काम टाकून उठली.

"तलाव बंद केला गं."

"का? काय झालं?"

"आमचे पोस्टमास्तर दवाखान्यात आहेत. न्यूमोनिया. डॉक्टर म्हणाले, पाण्यातल्या जंतूमुळे झालाय. काय बाई त्याचं नाव, लीला-बिला काहीतरी."

"लिजिओनेला?"

"तीच. पाण्याचे तुषार श्वासातून आत गेले की होतो म्हणे. तपासणीवाले आले, तलावाचं पाणी नेलं, न्हाणीघरातलं नेलं. दहा दिवसांनी कागद आला, लीला सापडली नाही म्हणून. मला वाटलं, सुटलो. तर व्यवस्थापक म्हणतात, ती कुठून आली हे कळेपर्यंत तलाव बंदच राहणार. परत तपासायचं म्हटलं की परत दहा दिवस! भिंगरे, तू हेच करतेस ना? जंतू पकडायचं यंत्र?"

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी बसत नसे म्हणून आत्यानेच ते ठेवलं होतं. आता चाळिशीला टेकलेली ही भिंगरी एका संशोधन संस्थेत दिवसचे दिवस एकाच स्टुलावर बसून असे, आणि डाळीच्या दाण्याएवढ्या चकतीवर अँटीबॉडी चिकटवायचा प्रयत्न करत असे.

"करते," ती म्हणाली, "पण ते अजून चालत नाही."

"मग चालव," असं म्हणून आत्याने फोन ठेवला.

चालत नाही, ही गोष्ट अगदी खरी होती. तसं यंत्र साधं होतं. चकती सेमीकंडक्टरची, करडी आणि चकचकीत, काचेपेक्षा ठिसूळ. पाण्यात बुडवून तिच्यावर प्रकाश टाकला की ती मंद उजळते. डोळ्यांना दिसत नाही, पण कॅमेऱ्याला दिसतं. त्याच प्रकाशाने तिचा वरचा थर हळूहळू झिजत जातो. तो संपून खालचा थर लागला की उजेड एकदम वाढतो आणि पडद्यावरच्या रेषेला एक टोक येतं. आता त्या चकतीवर जंतू येऊन बसले तर झीज मंदावते आणि टोक उशिरा येतं. म्हणजे टोक वेळेवर आलं तर पाणी स्वच्छ, रेंगाळलं तर गडबड. दहा दिवसांचं काम दीड-दोन तासांत.

पण जंतूंनी चकतीवर येऊन बसावं म्हणून त्यांना धरणारं कुणीतरी तिथे लागतं. ते काम अँटीबॉडीचं. ठरावीक जंतू दिसला की त्यालाच मिठी मारायची, बाकीच्यांकडे ढुंकून बघायचं नाही, असा तिचा स्वभाव. तिला चकतीवर उभं करायला मध्ये लांबोड्या रेणूंचा एक थर द्यावा लागे. त्या रेणूंच्या एका टोकाला गंधक असतं, ते चकतीला घट्ट धरतं. दुसऱ्या टोकाला अँटीबॉडी. कागदावर सगळं झकास. प्रत्यक्षात पाण्याचा प्रवाह सुरू झाला की कुठे थर टिके, कुठे सोलवटून जाई, आणि रेषेचं टोक स्वतःला वाटेल तेव्हा येई. कधी लवकर, कधी उशिरा, पाण्यात जंतू असोत वा नसोत. या प्रकाराने भिंगरीच्या नाकी नऊ आले होते.

चकत्या बनवणाऱ्या बाईंना सगळी संस्था मेजर म्हणे. निवृत्तीला आलेल्या, सडपातळ, ताठ कण्याच्या. त्यांची धुळीचा कणही न चालणारी स्वच्छ खोली लांबलचक बोळाच्या एका टोकाला होती आणि भिंगरीची दुसऱ्या. मेजर चकती अमोनियाच्या पाण्यात धुऊन, सुकवून, डबीत बंद करून द्यायच्या. भिंगरी ती डबी घेऊन बोळ तुडवत आपल्या टेबलाशी यायची. थर टिकला नाही की भिंगरी म्हणायची, चकती नीट धुतली गेली नाही. मेजर म्हणायच्या, "माझी चकती चोख आहे. तुझाच गोंद पातळ."

हे असं वर्षभर चाललं होतं.

फोननंतर दोनच दिवसांनी आत्या स्वतःच संस्थेत येऊन थडकली. पायात बूट, खांद्याला पिशवी, पिशवीत सगळ्यांसाठी बिस्किटं.

"बघू तर दे, घोडं कुठे अडलंय."

त्या दिवशी नवीन चकत्या आणायच्या होत्या, म्हणून भिंगरी आत्याला घेऊनच मेजरांकडे गेली. दारातच मेजर आडव्या आल्या.

"टोपी," त्या म्हणाल्या, "मग डगला. मग बुटांवर हे मोजे. बिस्किटं बाहेर."

भिंगरीला वाटलं, आता आत्या भडकणार. पण आत्याचे डोळे चमकले. तिने सैनिकासारखा एकेक जिन्नस अंगावर चढवला, टोपीत केस कोंबले आणि हात पसरून उभी राहिली.

"बाई, शाळेत तुम्ही असतात तर मला किती सोपं गेलं असतं."

मेजर हसल्या. भिंगरीने वर्षभरात त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग काय, दोघींची अशी गट्टी जमली की विचारू नका. मेजरांनी आत्याला पिवळ्या उजेडाची खोली दाखवली, जिच्यातून त्या बारीक चकत्या कापतात ती अख्खी थाळीएवढी चकती चिमट्यात धरून दाखवली.

"याला आम्ही वेफर म्हणतो."

"बटाट्याचे माहीत होते मला," आत्या म्हणाली. "हे खाऊन बघायचं नसतं ना?"

चकत्या धुऊन डबीत भरून झाल्या तरी दोघींचं बोलणं संपेना. मेजरांच्याही गुडघ्यांची तक्रार होतीच. ती ऐकताच आत्याने बोळातच त्यांना पाण्यातला व्यायाम कोरड्यात करून दाखवायला सुरुवात केली. "पाय असा, मागे. अहो, भिंतीला धरा! भिंगरे, तूही कर." भिंगरी हातात डबी घेऊन अवघडून उभी. येणारे-जाणारे थांबून बघायला लागले. एक हिशेबनीस तर आपलीही कंबर दाखवून गेला. अर्धा तास असा बोळातच गेला.

त्या दिवशीचे थर आजवरच्या सगळ्यांत वाईट निघाले. पाणी सोडायचा अवकाश, चकतीवर काही म्हणता काही उरलं नाही.

आत्या ओशाळली. "माझ्या बडबडीने तुझं काम बिघडलं का गं?"

"तुझ्या बडबडीचा काय संबंध," भिंगरी म्हणता म्हणता थांबली.

ती तशीच उठून खिडकीशी गेली. आज वेगळं काय झालं होतं? तीच चकती, तेच गंधकवाले रेणू, तीच अँटीबॉडी. फक्त डबी अर्धा तास बोळात राहिली होती. डबी बंद होती, हे खरं, पण आत हवा होतीच. आणि गेल्या महिन्यात एकदा थर चांगला टिकला होता तेव्हा? तेव्हा पावणेपाचची बस पकडायची म्हणून ती अक्षरशः धावत आली होती.

"हवा!" ती ओरडली. "आत्या, हवा लागते तिला!"

"कुणाला?"

"चकतीला! धुतली की वरची गंजासारखी साय निघून जाते. पण हवा लागली की लगेच नवी धरायला लागते. मी गंधक चकतीवर बसवतच नव्हते, मी ते त्या सायीवर बसवत होते. साय निघाली की सगळंच निघालं!"

"म्हणजे माझ्या बडबडीचा संबंध आहे तर," आत्या समाधानाने म्हणाली आणि तिने बिस्किटाचा पुडा फोडला.

बोळ काही आखूड करता येत नव्हता. म्हणजे भिंगरीचं टेबल मेजरांच्या खोलीत जाणं भाग होतं. तिने हे मेजरांना सांगितलं.

"माझ्या खोलीत जंतू?"

"जंतू नाहीत, मॅडम. फक्त अँटीबॉडी. जंतू माझ्याच खोलीत राहतील."

"आणि ते गंधक? वास?"

"झाकणाखाली करीन. नायट्रोजनमध्ये. वास आला तर मला बाहेर काढा."

"काढीनच," मेजर म्हणाल्या. मग, दुसरीकडे बघत, "डबीत हवा राहते हे माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"माझ्याही," भिंगरी म्हणाली.

टेबल हललं. आता मेजर चकती धुवायच्या आणि ओलीच असताना काचेच्या पेटीतून भिंगरीच्या हाती द्यायच्या. भिंगरी ती तत्क्षणी गंधकाच्या द्रवात सोडायची. त्या द्रवातूनही हवेचे बुडबुडे आधीच हाकलून लावलेले असायचे. दुसऱ्या दिवशी वरचे सैल रेणू धुऊन टाकायचे, मग अँटीबॉडी चढवायची, आणि उरलेल्या मोकळ्या जागा साध्या प्रथिनाने भरून टाकायच्या, म्हणजे आगंतुक कुणी चिकटायला नको.

पहिल्यांदा पाण्याचा प्रवाह सोडला तेव्हा दोघी पडद्याकडे बघत होत्या. स्वच्छ पाण्याच्या चकतीचं टोक वेळेवर आलं. दुसरीचंही तिथेच. तिसरीचंही. तिन्ही रेषा एकीवर एक ठेवल्यासारख्या. मग भिंगरीने आपल्या खोलीत जाऊन मेलेले लिजिओनेला घातलेलं पाणी सोडलं, आणि ती रेषा सपाट पडून राहिली. टोक नाही. अजून नाही. अजूनही नाही. बऱ्याच वेळाने ते सावकाश, आळोखेपिळोखे देत वर आलं.

भिंगरी बोळातून पळत सुटली. मेजर दारातच उभ्या होत्या.

"उशीर झाला!" भिंगरी लांबूनच ओरडली. "खूप उशीर झाला!"

आणि मेजरांनी, ज्यांनी आजवर कुणाचा उशीर खपवून घेतला नव्हता, तिला दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं.

पुढचे काही आठवडे त्यांनी तोच प्रयोग उलटून पालटून केला. कधी कमी जंतू, कधी जास्त, कधी भलत्याच जातीचे. भलत्यांना अँटीबॉडीने दाद दिली नाही. दरम्यान तिकडून रोज आत्याचा फोन. तपासणीवाले दुसऱ्यांदा येऊन गेले होते, पुन्हा तलाव आणि न्हाणीघर, पुन्हा काही नाही. पोस्टमास्तर मात्र बरे होत होते, दवाखान्यातल्या परिचारिकांची अक्षरं सुधारत होते. बदकमंडळाची अवस्था वाईट होती. कोरड्यावर त्यांचे सांधे पुन्हा कुरकुरायला लागले होते आणि त्यांच्याबरोबर तेही.

शेवटी एका रविवारी भिंगरी आणि मेजर यंत्र घेऊन ज्येष्ठ निवासात गेल्या. यंत्र म्हणजे एक डबा, त्यात दिवा आणि कॅमेरा, शेजारी लॅपटॉप. जेवणाच्या खोलीतल्या लांब टेबलावर ते मांडलं. बघता बघता भोवती सगळं निवास जमा झालं. ज्यांना ऐकू येत नव्हतं ते पुढे बसले, ज्यांना दिसत नव्हतं ते त्यांच्याही पुढे.

व्यवस्थापक हे टापटिपीचे, हळू आवाजात बोलणारे गृहस्थ. त्यांनी आधीच सांगून टाकलं, "यंत्र काही म्हणालं तरी तलाव मी सरकारी अहवालाशिवाय उघडणार नाही हं."

"बरोबरच आहे," भिंगरी म्हणाली. "आम्ही फक्त कुठे शोधायचं ते सांगू."

आत्याने सगळ्यांना गप्प केलं आणि पहिली चकती लागली. तलावाचं पाणी. टोक अगदी वेळेवर आलं.

"स्वच्छ," भिंगरी म्हणाली.

टाळ्या झाल्या. मग वेळ वाचावा म्हणून चकत्या दोन-दोन लावल्या. न्हाणीघरातले फवारे. स्वच्छ. टाक्या. स्वच्छ. स्वयंपाकघरातला नळ, बागेतली नळी, सगळं स्वच्छ. टाळ्या विरळ होत गेल्या. दुपार कलली. आत्याने भिंगरीला बाजूला घेतलं.

"बाई गं, यंत्र बिघडलं नाही ना? नाहीतर लीला गेली कुठे?"

भिंगरीच्याही मनात तेच चाललं होतं. थर पुन्हा सायीवरच बसला असेल तर? अँटीबॉडीच झोपल्या असतील तर? तिने सोबत आणलेलं मेलेल्या जंतूंचं पाणी लावून बघायचं ठरवलं. पण चकत्या आता दोनच उरल्या होत्या.

"एकीवर ते लावू," मेजर म्हणाल्या, "आणि दुसरीवर अजून एखादं पाणी. काही राहिलंय का?"

"माझ्या कारंज्याचं घ्या की," व्यवस्थापक पुढे सरसावले. दिवाणखान्यात त्यांनी हौसेने एक कारंजं बसवून घेतलं होतं. पांढरे गोटे त्यांनी स्वतः निवडून आणले होते, आणि पाण्याखाली रंगीत दिवे होते. "एकदम निर्मळ. मी रोज सकाळी स्वतः पुसतो. तुलनेला बरं पडेल."

दोन्ही चकत्या लावल्या. मेलेल्या जंतूंची रेषा सपाट राहिली. म्हणजे यंत्र शाबूत होतं. भिंगरीचा जीव भांड्यात पडला.

मग तिने दुसऱ्या रेषेकडे बघितलं. तीही सपाट होती.

"टोक यायला हवं होतं ना एव्हाना?" आत्याने विचारलं.

"हो."

"मग?"

भिंगरीने लॅपटॉप जवळ ओढला. रेषा सरळ पुढे सरकत होती, सरकतच होती. मेजरांनी भिंगरीचा हात घट्ट धरला. व्यवस्थापकांनी आपली खुर्ची पुढे सरकवली. आणि मागून एका आजोबांनी, जे एरवी कधी बोलत नसत, सावकाश विचारलं, "पोस्टमास्तर पेपर वाचायला कुठे बसायचे?"

"कारंज्यापाशी," दोन-तीन जण एकदमच म्हणाले. "अगदी खेटून. तिथे गार वाटतं म्हणायचे."

"आणि तलावात ते कधी उतरलेच नाहीत!" आत्याने कपाळावर हात मारला. "मी किती मागे लागले होते!"

"दिवे," भिंगरी म्हणाली. "पाण्याखालचे दिवे पाणी कोमट ठेवतात. वरून पुसलं तरी आत नळीत तेच पाणी फिरत राहतं, आणि तुषार हवेत. लीलेला याहून चांगलं घर कुठे मिळणार?"

व्यवस्थापक उठले, तोंडावर रुमाल धरून दिवाणखान्यात गेले आणि त्यांनी कारंज्याचं बटण बंद केलं. परत आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. "ते गोटे," ते म्हणाले, "मी एकेक धुऊन लावले होते हो. आणि पोस्टमास्तरांना मीच तिथे खुर्ची टाकून दिली होती."

आत्याने त्यांना आपल्या शेजारी बसवलं. "अहो, तुम्ही त्यांना बरं वाटावं म्हणूनच टाकलीत ना? आणि आज पाणी दिलंत तेही तुम्हीच. नाहीतर ही शोधतच बसली असती."

दुसऱ्या दिवशी तपासणीवाल्यांनी कारंज्याचं पाणी नेलं. दहा दिवस गेले ते सगळ्यांनी जीव मुठीत धरून काढले. मग कागद आला. कारंज्यात लिजिओनेला, भरपूर. नळ्या, पंप, सगळं उखडून टाकायचा हुकूम. आणि तलाव उघडायला हरकत नाही.

भिंगरीला हे कळलं ते आत्याच्या फोनवरून, पण आत्याचं बोलणं काही ऐकूच आलं नाही. मागे इतका गलका चालला होता की तिला वाटलं, कुठे आग-बीग लागली की काय.

"मेजरांना घेऊन ये!" एवढंच शेवटी समजलं. "गुडघ्यासकट!"

तलाव उघडला त्या सकाळी पोस्टमास्तरही काठावर होते, अंगात स्वेटर आणि हातात पेपर. त्यांनी भिंगरीला जवळ बोलावून तिचा हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. मग बदकमंडळ एकेक करत कठड्याला धरून पाण्यात उतरलं, आणि उतरता उतरता प्रत्येकाच्या तोंडून तोच एक लांब, तृप्त "आहाहा" निघाला. मेजर सगळ्यांत शेवटी, टोपी नीट बसवून, पायरी पायरी तपासत उतरल्या. कमरेपर्यंत पाणी आलं तशा थबकल्या, आणि मग त्यांनी असं काही डोळे मिटले की भिंगरीला हसू आवरेना.

"हसतेस काय," मेजर डोळे न उघडताच म्हणाल्या. "आत ये. पाणी तपासलेलं आहे."

व्यवस्थापकांनी कारंज्याच्या खड्ड्यात माती भरून झाडं लावायचं ठरवलं होतं. त्यांनी मोठ्या ताटातून चहाचे पेले आणले आणि भिंगरीशेजारी काठावर बसून जरा संकोचत विचारलं, "डॉक्टर, एक विचारू? झाडांच्या कुंडीतल्या पाण्यात तर असं काही होत नाही ना?"

"तुषार उडवू नका म्हणजे झालं," भिंगरी म्हणाली. "आणि मनात आलंच तर बोलवा. चकत्या आहेत आता भरपूर."

तिने पेला खाली ठेवला, चपला काढल्या, आणि सलवार गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय पाण्यात सोडले. पाणी छान गरम होतं. समोर आत्या पोस्टमास्तरांना पाण्यात ओढायच्या मागे लागली होती, आणि ते पेपराआडून नको नको म्हणत हसत होते.